थँकफुलची सही

जेसी टॉलमननं आपल्या सख्ख्या बहिणीला फसवलं. बहिणीचं नाव थँकफुल. बाप मेल्यावर जमिनीतला तिचा वाटा त्यानं एका डॉलरवर आपल्या नावे करून घेतला, आणि ज्या कागदानं करून घेतला त्यावर सहीच्या जागी असलेली फुली तिच्या हातची नव्हती, असं माझं ठाम मत आहे. ही ओहायोतली, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघं मेली, त्यांची मुलं मेली, नातवंडंही मेली. साक्षीदारांच्या तर थडग्यांचे दगडसुद्धा जागेवर नाहीत. तरी मला अजून राग येतो.

आज सकाळपासून समोरच्या शेतात कम्बाइन फिरतंय. मका कापायला सुरुवात झाली की या भागातल्या हवेला एक कोरडा, गोडसर वास येतो, वाळलेल्या पानांचा आणि धुळीचा. खिडक्या बंद ठेवल्या तरी टेबलावर बारीक पिवळी भुकटी बसते. जून-जुलैत मका डोक्याच्या वर जातो, तेव्हापासून माझ्या घराला चारी बाजूंनी भिंत असते. जगात आपण सोडून कुणी नाही असं समजून राहता येतं, आणि मी राहतो. ऑक्टोबरात दोन दिवसांत ती भिंत जमीनदोस्त होते. मग एकदम मैलभर दूरचं पांढरं घर दिसतं, त्यापलीकडचं लाल कोठार दिसतं, शाळेची पिवळी बस कुठे थांबते तेही दिसतं. माणसं दिसायला लागली की मला जास्त एकटं वाटतं. हे उलटं आहे, पण तसंच आहे.

तीन वर्षांपूर्वीही असाच हंगाम होता. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी ही चौदा एकर आणि हे जुनं घर घेतलं. ओहायोतल्याच डब्लिनपासून पाऊण तासावर. मी मूळचा काटोलकडचा, संत्र्याच्या मुलखातला. प्रोग्रामर म्हणून इथं आलो, बारा वर्षं दुसऱ्याच्या चुका दुरुस्त केल्या, मग पडकी घरं घेऊन ती दुरुस्त करायला लागलो. घरं बरी. ती उलट बोलत नाहीत. सौदा करायला मला कुणी शिकवलं नाही. समोरचा माणूस खिशातल्या किल्ल्यांशी खेळायला लागला की तो विकायला तयार आहे, हे मी स्वतःच शिकलो. या धंद्यात मला फसवणारा अजून भेटलेला नाही. मला फसवलं ते घरातल्यानं, आणि तेव्हा मी किल्ल्यांकडे बघत नव्हतो.

ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. आमची संत्र्याची बाग दादाच्या आणि माझ्या नावे होती. सातबारा काढणं, विजेचं मीटर बदलणं, असल्या कामांसाठी मी दादाला मुखत्यारपत्र करून दिलं होतं. मोठा भाऊ म्हणून दिलं, वकिलाला न दाखवता दिलं. त्या कागदावर त्यानं बाग विकली. प्लॉट पाडणाऱ्याला विकली. मला कळलं ते गावच्या एका मित्रानं फोटो पाठवला तेव्हा. झाडं मुळासकट उपटून रचलेली, आणि त्यांच्यावर अजून फळं होती, आंबिया बहाराची, तोडायला आलेली. दादाला फोन केला तर म्हणाला, “तू काय इथं येऊन पाणी देणार होता का?” त्यानंतर आमचं बोलणं नाही. नागपूरच्या कोर्टात दावा चालू आहे.

त्या दाव्यासाठीच वकिलानं त्या ऑक्टोबरात मला मेल पाठवली होती. आमची बहीण शकूताई, दादाच्या खालची आणि माझ्या वरची. बाबा गेल्यावर तिनं आम्हा दोघा भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. वकिलाचं म्हणणं, ताईंचं एक प्रतिज्ञापत्र हवं, की मी राजीखुशीनं हक्क सोडला, आणि दोघा भावांना सारखा सोडला. म्हणजे निम्मी बाग माझी होती हे पक्कं होईल. साधं काम, एका फोनचं. मी तो फोन आज करू, उद्या करू, करत राहिलो. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्याऐवजी मी भांडायला दुसरं माणूस शोधलं. माझ्या खरेदीखतात एक ओळ होती, की ईशान्येच्या कोपऱ्यातली दफनभूमी वगळून. त्या कोपऱ्यात सात दगड आहेत, तीन सरळ आणि चार आडवे, भोवती जंगली द्राक्षाचा वेल. कम्बाइनवाला त्यांना वळसा घालून जातो. मी विचार केला, ही जागा वगळली असेल तर चौदा एकर भरतात कसे? मला कोपराभर जमीन कमी दिली. कोपराभर का होईना, कमी ती कमी. विकणाऱ्याला धरायचंच, म्हणून मी काउंटीच्या कोर्टात जुनी खतं काढायला गेलो.

खिडकीवरच्या बाईनं प्रत्येक पानाच्या नकलेचा दर सांगितला. मी म्हणालो, मला चाळीस पानं हवीत, चाळीसला काय दर लावाल? ती माझ्याकडे बघतच राहिली. माझ्या मागून कुणीतरी हसलं.

“सरकारशी घासाघीस करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला,” मागची म्हातारी म्हणाली. “ये खाली. खाली हातानं उतरवून घ्यायला काही पडत नाही.”

तिचं नाव डोरोथी. वय ब्याऐंशी. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि आता दर बुधवारी तळघरातल्या दप्तरखान्यात बिनपगारी बसायची. लोक पूर्वज शोधायला येतात, त्यांना ती वह्या काढून द्यायची. अंगात कायम एकच निळा स्वेटर, आणि डब्यात सफरचंदाच्या फोडी, लिंबू पिळलेल्या.

“तू कुणाचे पूर्वज शोधतोयस?” तिनं विचारलं.

“पूर्वज नाही. विकणाऱ्याची लबाडी शोधतोय.”

“बरं. ती पूर्वजांपेक्षा लवकर सापडते.”

तर तो हंगाम असा गेला. बुधवारी सकाळी मक्याच्या रस्त्यानं गाडी हाकत जायचं, धान्याच्या ट्रकांमागे रांगत, आणि दिवसभर तळघरात बसायचं. बाहेर झाडं लाल-पिवळी होत होती ती मी फक्त जाता-येता पाहिली. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. बायको, वैशाली, मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून मुलीच्या गावी, नोव्हायला गेली होती, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. बाळ चालायला लागलं होतं. आम्ही भांडलो नव्हतो. ती फक्त परत येत नव्हती, आणि मी विचारत नव्हतो.

“कुठायस?” ती फोनवर विचारायची.

“कोर्टात.”

“आता कुणाशी?”

“टॉलमनशी.”

“तो कोण?”

“मेला तो. दोनशे वर्षं झाली.”

ती म्हणायची, “चला, निदान तो तरी तुला उलट बोलणार नाही.” आणि फोनवर मागून नातवाचा आवाज यायचा, काहीतरी आपटल्याचा.

जुन्या खतांची एक गंमत आहे. आपल्याकडे चतुःसीमा लिहितात, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला. तशी तिथं झाडं लिहिली आहेत. ओढ्याच्या काठच्या पांढऱ्या ओकपासून सुरू, तिथून पूर्वेला दोन हिकरींपर्यंत, तिथून एका मेपलपर्यंत, तिथून वाकड्या एल्मपर्यंत, आणि परत ओकला. मी ते वाचलं आणि संध्याकाळी घरी येऊन शेताच्या कडेनं फिरलो. ओक नाही, हिकरी नाहीत, एल्म तर नाहीच. नुसती कापलेल्या मक्याची खुंटं, वर एक ससाणा घिरट्या घालत होता. ज्यांच्या साक्षीनं हद्द ठरली त्यातलं एकही झाड उभं नाही, आणि हद्द मात्र इंचाइंचानं कायम आहे. मला आमच्या बागेची चतुःसीमा आठवली. पश्चिमेस विहीर, उत्तरेस पांधण. विहीर बुजवली म्हणतात.

खतांवरून मागे मागे जाता जाता मी टॉलमनपाशी पोचलो. एनॉस टॉलमन, ही जमीन पहिल्यांदा घेणारा. पेनसिल्व्हेनियातून बैलगाडीनं आला असावा, असं डोरोथी म्हणाली. तो मृत्युपत्र न करता मेला. अशा वेळी कोर्ट एक गठ्ठा तयार करतं. पत्र्याच्या डब्यात तीन घड्या घातलेले कागद, वर फितीचा पट्टा, जिचा लाल रंग उडून विटकरी झालेला. खतांच्या वह्यांमध्ये सगळं कारकुनाच्या अक्षरात उतरवलेलं असतं, पण या गठ्ठ्यात मूळ कागद असतात, माणसांनी स्वतः लिहिलेले. हा फरक डोरोथीनं मला पहिल्या दिवशी सांगितला होता.

त्या गठ्ठ्यात तीन शेजाऱ्यांनी घरात फिरून केलेली यादी होती. नांगर. दोन कुऱ्हाडी. एक आंधळी घोडी. मधमाश्यांची चार पोळी. एक किटली, झाकण नसलेली. त्याच शेजाऱ्यांनी विधवेला वर्षभर पुरेल एवढा मका, डुकराचं मांस आणि मीठ मोजून बाजूला काढून ठेवलं होतं, तसा कायदाच होता. ती यादी वाचताना मला त्या घरात उभं असल्यासारखं वाटलं. माणूस मेला की त्याच्या किटलीचं झाकण नाही हेसुद्धा सरकारदप्तरी लागतं. वारस दोन, मुलगा जेसी आणि लग्न झालेली मुलगी थँकफुल. थँकफुलला सामानातून मिळालं ते एक गाय, एक चरखा आणि एक पिसांची गादी. त्याची पावती तिनं स्वतः लिहून दिली होती. अक्षर सुंदर. काळजीपूर्वक घोटवलेलं, ओळ सरळ, आणि नावाच्या शेवटच्या अक्षराला एक लांब शेपटी, जशी शाळेत पहिली येणारी मुलगी काढते.

पुढच्या बुधवारी मी खतांच्या वहीत तिचं खत काढलं. पावतीनंतर दोन वर्षांनी केलेलं. त्यात ती जमिनीतला आपला सगळा हक्क भाऊ जेसी याला सोडून देते. खाली नवऱ्याचं नाव. आणि तिच्या नावाच्या मधोमध फुली, आणि फुलीभोवती कारकुनानं लिहिलेलं, ‘तिची खूण’.

मी टेबलावर हात आपटला. पलीकडे एक जोडपं नकाशा बघत होतं, ते दचकलं.

“तिला लिहिता येत होतं!” मी म्हणालो. “हे बघ. ही पावती बघ. आणि ही फुली. ही बाई तिथं नव्हतीच. दुसरीच कुणीतरी उभी केली त्यानं.”

डोरोथीनं चष्मा सारखा केला, दोन्ही कागद पाहिले, सफरचंदाची एक फोड खाल्ली. मग म्हणाली, “किंवा तिचा हात भाजला होता. किंवा कडेवर मूल होतं. किंवा कारकून आळशी होता. ही नक्कल आहे, मूळ कागद नाही. हे तुला माहीत आहे.”

“तुला पटत नाही?”

“मला पटायला पुरावा लागतो. तुला पटायला भाऊ पुरतो.”

मी तिला दादाबद्दल सांगितलं होतं, दुसऱ्याच बुधवारी. ती चूक झाली. मी कागद गोळा करून निघालो. ती म्हणाली, “बस. रागावलास तरी बस. उरलेलं वाच. तू नेहमी सही पाहतोस आणि मजकूर सोडतोस.”

म्हणून मजकूर वाचला. खताच्या शेवटी गावच्या मॅजिस्ट्रेटचा दाखला होता. त्या काळी लग्न झालेल्या बाईनं जमीन सोडली तर मॅजिस्ट्रेट तिच्या नवऱ्याला बाहेर पाठवायचा, तिला एकटीला बसवून कागद समजावायचा आणि विचारायचा, तू हे आपखुशीनं केलंस ना? कुणी धाक घातला नाही ना? ती हो म्हणाली तरच खत पक्कं. मला हे फार आवडलं. केवढा विचार केला म्हणालो. मग लक्षात आलं. नवऱ्याला बाहेर काढायची सोय केली, भावाला बाहेर काढायची सोय कुणीच केली नव्हती. आणि जमीन तर भाऊ घेत होता.

त्याच्या वरच्या ओळीत मोबदला लिहिला होता. एक डॉलर, आणि नैसर्गिक प्रेम व जिव्हाळा.

“एका डॉलरला कोण जमीन देतं?” मी म्हणालो.

“तो ठरलेल्या छापाचा मजकूर आहे,” डोरोथी म्हणाली. “काहीतरी लिहावं लागतं. काही दिलं नाही असं लिहिलं तर कागद टिकत नाही.”

ते मला माहीत होतं. हा मजकूर मला पाठ होता. ‘नैसर्गिक प्रेमापोटी व जिव्हाळ्यापोटी, विनामोबदला.’ शकूताईच्या हक्कसोडपत्रात हेच शब्द आहेत, फक्त तो एक डॉलरही नाही. मला पाठ आहेत कारण तो मसुदा मीच करून घेतला होता.

घरी परतताना त्या दिवशी वारा होता आणि रस्त्यावरून मक्याची पानं उडत होती, कागदासारखी खरखरत. मी एका शेताच्या कडेला गाडी थांबवली आणि बराच वेळ इंजिन बंद करून बसलो. समोर एक शेतकरी धान्य ट्रकमध्ये ओतत होता. पिवळा धबधबा, वर धुळीचा ढग. त्यानं हात केला. इकडे सगळेच हात करतात, ओळख लागत नाही. मीही केला.

काटोलचं दुय्यम निबंधक कार्यालय. बाबांचं तेरावं झालेलं, माझी सुट्टी संपत आलेली. संत्र्याचा हंगाम, रस्त्यानं पेट्यांचे टेम्पो, सगळ्या गावाला सालीचा वास. मीच दादाला म्हणालो होतो, “ताईचं एकदाचं उरकून टाकू. मी पुन्हा कधी येणार?” दादा तयारच होता. शकूताई आर्वीला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसटीनं आली. मी तिच्यासाठी काठाची साडी घेतली होती, आणि दुकानदाराला घासून भाव पाडून घेतली होती, याचा मला अभिमानही वाटला होता. गर्दी होती. बाकावर जागा नव्हती. संगणकापुढे तिला उभं केलं, फोटो काढला, अंगठा घेतला. कारकुनानं मान वर न करता विचारलं, “मान्य आहे ना ताई?” आम्ही दोघं तिच्या पाठीमागे, इतके जवळ, की तिच्या वेणीचा तेलाचा वास येत होता. ती म्हणाली, “हो.” मी साडीची पिशवी तिच्या हातात दिली आणि बसस्टँडवर सोडून आलो. सगळं तासाभरात.

हे मी फसवणूक म्हणून कधी धरलंच नव्हतं. सगळे करतात. आमच्याकडे ज्या बहिणी वाटा मागतात त्यांच्याबद्दल लोक कसं बोलतात ते मी ऐकलेलं आहे, आणि बोललेलोही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शकूताईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मागे कुकरची शिट्टी.

“दिल्या? आज कसा काय फोन केला रे? बरा आहेस ना?”

“बरा आहे. ताई, एक विचारायचं होतं. त्या दिवशी, काटोलला. तुला तो कागद कुणी वाचून दाखवला होता का?”

ती हसली. “काय शोधून राहिला तू तिथं बसून? वाचून कशाला दाखवायचा? मला वाचता येत नाही का? तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवून राहिली मी.”

“म्हणजे तू वाचला होतास?”

“तुम्ही दोघं चहा प्यायला खाली गेले होते ना, तेव्हा वाचला. अख्खा वाचला. दोन चुका होत्या शुद्धलेखनाच्या.”

मी धरून चाललो होतो, की तिला कळलं नव्हतं. ते सोपं होतं. कळलं नव्हतं तर समजावून सांगता आलं असतं.

“मग सही का केलीस?”

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“नसती केली तर माहेर राहिलं असतं का बाप्पा? शेजारच्या मंदीनं वाटा मागितला, तर तिच्या भावानं पोराच्या लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवली नाही. मी म्हटलं, जाऊ दे बाग. वर्षातून दोनदा जाईन, दोन दिवस राहीन, भाऊबीजेला तुम्ही दोघं एका पाटावर बसाल. नाही, तू नसशील, पण तुझा फोन येईल. ते घेतलं मी बागेच्या बदल्यात. सौदाच होता तो. तुला कळायला पाहिजे होतं, तू तर सौदेवाला.”

“ताई...”

“थांब, मला बोलू दे. सही केली. तुम्ही बाग घेतली. मग तुम्ही भांडले. दादानं घराला कुलूप लावलं आणि नागपूरला फ्लॅटमध्ये गेला. तुझ्याशी बोलली तर दादाला राग, दादाकडे गेली तर तुला राग. मागच्या भाऊबीजेला मी गेली होती गावाला. वाटलं, आला असंल दादा. नव्हता आला. शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसली, पाणी पिली, आणि त्याच बसनं परत आली. डब्यातल्या अनारशाचा चुरा झाला होता, तो बसमध्ये वाटला पोरांना.”

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. शेत कापून झालं होतं. पार त्या पांढऱ्या घरापर्यंत मधे काही नव्हतं.

“तू कशाला फोन केला होता?” तिनं विचारलं. “काही सही पाहिजे असंल. वकिलाचा मला आला होता फोन.”

“नाही,” मी म्हणालो. “असाच केला.”

“पाठव कागद. करून देईन. पण या टायमाला मोबदला लिही त्यात.”

“काय लिहू?”

“तूच लिही. तुला सगळ्याचा भाव माहीत असतो.”

मी तो कागद पाठवला नाही. वकिलाच्या चार मेल आल्या, मग त्यानं पाठवणं थांबवलं. त्या हंगामात मी आणखी दोनदा तळघरात गेलो. डोरोथीला सांगितलं. तिनं डबा पुढे केला. मग म्हणाली, “थँकफुल इलिनॉयला गेली, एवढं मला तिकडच्या जनगणनेत सापडलं. तिच्या धाकट्या मुलाचं नाव जेसी.” मला विचाराल तर या एका नावानं काहीच सिद्ध होत नाही. तिनं भावाला माफ केलं असेल. किंवा माहेरची एवढीच वस्तू तिला बरोबर नेता आली असेल. मी अजूनही म्हणतो, ती फुली तिची नव्हती. पण तिला कळलं नव्हतं असं आता म्हणत नाही.

नंतरच्या हंगामांतही बुधवारी जात राहिलो. यंदा बुधवारी दप्तरखाना बंद असतो. डोरोथीला तिच्या मुलानं ॲरिझोनाला नेलं. जाताना तिनं चिठ्ठी ठेवली होती, की दफनभूमीची जागा पहिल्या खतापासून वगळलेली आहे, मोजून पाहिली, तुझी जमीन पूर्ण चौदा एकर भरते, भांडण मिटव. खिडकीवरच्या बाईनं ती चिठ्ठी मला दिली आणि पहिल्यांदाच हसली. मी गाडीत येऊन बसलो आणि मला कळेना, की आता पुढच्या बुधवारी काय करायचं.

शेवटी यंदा वैशालीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग आता फोन कशाला करतोस? जा ना.” ते तिनं कुणाबद्दल म्हटलं, शकूताईबद्दल की नोव्हायबद्दल, हे मी विचारलं नाही. आधी एक करू. वकिलाला कळवलं, की मला निम्मी बाग मागायची नाही. तीन वाटे मांडा. तो म्हणाला, यानं दावा कमजोर होईल साहेब. मी म्हणालो, होऊ दे. तो म्हणाला, असा अशील मी पाहिला नाही. मला वाटतं तो खिशातल्या किल्ल्यांशी खेळत असावा.

दादा, हे तुझ्यापर्यंत पोचेल. गावातलं कुणीतरी पाठवेलच, तुला चिडवायला. तर ऐक. बागेबद्दल मी तुला सोडलेलं नाही. उभ्या फळांची झाडं उपटलीस, ते कोर्टात बघू. पण ही दुसरी गोष्ट कोर्टातली नाही आणि त्यात तू एकटा नाहीस, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितो. त्या कागदावर घेणारे म्हणून आपली दोघांची नावं आहेत. तिनं द्यायचं ते दिलं, वाचून, समजून दिलं. आपण द्यायचं ते तू कुलूप लावून बुडवलंस आणि मी इथं बसून रागानं बुडवलं. माझ्या वाट्याचं उत्तर मी तिला समोर उभा राहून देणार आहे, तिकीट काढलं आहे. तुझ्या वाट्याचं तू दे. मला देऊ नकोस, तिला दे. ती भाऊबीजेच्या दिवशी आर्वीहून निघणार आहे, साडेदहाच्या सुमारास फाट्यावर उतरेल, तिथून पायी दहा मिनिटं. गावच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे. दार कोण उघडणार, ते सांग.